वाढत्या शहराचा चेहरा कोण घडवतं?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो. तुमचं शहर झपाट्यानं वाढतंय. दहा वर्षांपूर्वी जिथे मोकळं रान होतं तिथे आज टॉवरांच्या रांगा आहेत. यातलं काहीच आपलं वाटत नाही, कुठल्याही शहरातून उचलून इथे आणून ठेवल्यासारखं दिसतं, अशी तुमची खंत आहे. शहराच्या विकासावर सूचना करणाऱ्या नागरिकांच्या समितीत तुम्ही आहात आणि समितीपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला असा, की शहराच्या वेशीवर एखाद्या नामांकित वास्तुविशारदाकडून भव्य, लक्षवेधी इमारत बांधून घ्यायची. दुसरा, मुख्य रस्त्यांवरच्या सगळ्या इमारतींना ‘पारंपरिक’ शैलीचं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी रूप, सक्तीचं करायचं. यानं शहराला ओळख मिळेल का, आणि मुळात वास्तुरचनेचा शहराच्या ओळखीशी कितपत संबंध असतो, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पंचवीसहून अधिक वर्षं इमारतींचं आणि अर्बन डिझाइनचं काम करतो आहे. माझ्या अनुभवानं सांगतो, संबंध फार जवळचा आहे. पण या दोन प्रस्तावांत तो जिथे शोधला आहे तिथे सहसा सापडत नाही. शहराची ओळख बनते ती तिथे हजारो वेळा पुन्हा पुन्हा बांधल्या जाणाऱ्या साध्या गोष्टींमधून. घराचं रस्त्याशी नातं कसं आहे, प्लॉट केवढा आहे, तळमजल्यावर दार आहे की भिंत, उन्हाचं आणि पावसाचं काय केलंय, यांतून. आणि या सगळ्या गोष्टी ठरतात बांधकाम नियमावलीच्या तक्त्यांमध्ये. त्या तक्त्यांकडे ‘डिझाइन’ म्हणून कुणी बघत नाही.

पॅरिसचंच घ्या. नाव काढलं की १८८९चा आयफेल टॉवर डोळ्यांसमोर येतो. पण तो टॉवर कुठूनही दिसणार नाही अशा एखाद्या साध्या रस्त्यावर तुम्हाला नेऊन सोडलं, तरी हे पॅरिस आहे हे तुम्ही ओळखाल. १८५३ ते १८७० या काळात तिथले प्रशासक ओस्मान यांनी जुन्या वस्त्यांमधून रुंद रस्ते काढले, त्यासाठी असंख्य गरीब कुटुंबांना हुसकावलं, ही त्याची काळी बाजू आहे आणि ती विसरू नये. रस्त्याकडेच्या इमारती मात्र खासगी लोकांनीच बांधल्या, वेगवेगळ्या वास्तुविशारदांकडून, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावं आज कुणाला आठवत नाहीत. त्यांना बांधून ठेवलं ते नियमानं. १८५९च्या नियमाप्रमाणे २० मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्यावर दर्शनी भिंत २० मीटरपर्यंत चढवता येई, त्यापुढचं छप्पर ४५ अंशांत मागे कलायला हवं. दगड जवळपासच्या खाणींतला, फिकट मलईच्या रंगाचा. एवढ्या दोनतीन गोष्टींवर सबंध शहराचा चेहरा उभा राहिला.

मला याहूनही आवडणारं उदाहरण सिंगापूरचं आहे. १८२२मध्ये ब्रिटिश अधिकारी स्टॅमफर्ड रॅफल्स यांनी नगररचनेसाठी समिती नेमली, तेव्हा दिलेल्या सूचनांत एक साधी अट होती: प्रत्येक घराला रस्त्याच्या बाजूला ठरावीक खोलीची पडवी हवी, आणि ती रस्त्याच्या दोन्ही अंगांना सलग आणि खुली हवी. बस, इतकंच. घराची शैली, खिडक्या, रंग यांबद्दल त्या अटीत काही नाही. पण परिणाम बघा. खालच्या दुकानापेक्षा वरचा मजला पुढे येतो, त्याच्या सावलीत चालायची वाट तयार होते, आणि भर पावसात माणूस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडा जाऊ शकतो. या वाटेला तिथे ‘फाइव्ह-फूट वे’ म्हणतात. ही पद्धत पुढे पेनांग, क्वालालंपूर अशी मलायाभर पसरली. जमीन घरमालकाची, वाट मात्र सगळ्यांची. त्यामुळे दुकानदार तिथे माल मांडायचे आणि नगरपालिका तो हटवायची. १८८८मध्ये तर या पडव्या मोकळ्या करण्यावरून दंगल झाली. मला ती दंगलही महत्त्वाची वाटते. लोक ज्या जागेसाठी भांडतात ती जागा त्यांच्या रोजच्या जगण्यात शिरलेली असते.

पुढे त्या दुकान-घरांवर कुणी चिनी नक्षी काढली, कुणी युरोपीय खांब लावले, कुणी रंगीत फरश्या बसवल्या. प्रत्येक घर वेगळं, तरी रस्ता एक. खालची पडवी सगळ्यांना ओवून ठेवते, म्हणून वर कितीही मोकळीक घेतली तरी बिघडत नाही. वाढत्या शहरानं शिकावं ते हे, असं मला मनापासून वाटतं: थोड्याच गोष्टी पक्क्या करा, पण नेमक्या करा.

आता तुमच्या शहरात ‘काहीच आपलं वाटत नाही’ असं का होतं, ते हिशेबातून दाखवतो. समजा एका रस्त्यावर २० मीटर रुंदीचे तीन प्लॉट शेजारी शेजारी आहेत. नियम म्हणतो, उंच इमारत बांधायची तर दोन्ही बाजूंना ६-६ मीटर साइड मार्जिन, म्हणजे मोकळी जागा, सोडा. हेतू चांगलाच आहे. उजेड-वारा मिळावा, आग लागली तर बंब इमारतीच्या भोवती फिरावा. पण २० मधून १२ गेले की उरले ८. आठ मीटर रुंदीत जिना, लिफ्ट आणि पॅसेज बसवल्यावर घराला काय राहणार? तेच तीन प्लॉट एकत्र केले तर ६० मधून १२ जाऊन ४८ मीटर हाती लागतात. वेगवेगळे बांधले असते तर तिघांचे मिळून २४ झाले असते. म्हणजे ‘प्लॉट एकत्र करा’ असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही, तरी एकत्र करणाऱ्याला बांधता येणारी रुंदी दुप्पट मिळते. मग एकच बिल्डर तिन्ही प्लॉट घेतो. तीन दारं, तीन उंबरे, तीन मालकांच्या तीन तऱ्हा जाऊन तिथे एक गेट आणि एक वॉचमनची केबिन येते.

त्यावर पार्किंगचा नियम बसवा. एक मोटार उभी राहायला अडीच बाय पाच, म्हणजे साडेबारा चौरस मीटर लागतात. आत येण्या-जाण्याची वाट आणि वळण धरलं की तोच आकडा पंचवीस ते तीसवर जातो. दोनशे फ्लॅट आणि प्रत्येकी एक मोटार धरली, तर पाच-सहा हजार चौरस मीटर नुसत्या मोटारींना. तळघर खोदणं महाग, म्हणून दोनतीन मजल्यांचा पोडियम, म्हणजे टॉवरखालचा पार्किंगचा रुंद चौथरा, येतो. आता रस्त्यावरून चालणाऱ्याला काय दिसतं? कंपाउंडची भिंत, तिच्यामागे रॅम्प, आणि वर जाळी मारलेले पार्किंगचे मजले. पहिली राहती खिडकी चौथ्या मजल्यावर. जगात कुठेही जा, हे नियम सारखे असतील तर इमारतही सारखीच निघते. वास्तुविशारद प्रतिभावान असो वा नसो, त्याच्या हातात उरतो तो वरचा रंग आणि बाल्कनीच्या रेलिंगची नक्षी.

हे मी दुसऱ्यांच्या कामाबद्दलच बोलतोय असं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहसंकुलाच्या एलिव्हेशनवर आम्ही महिनोन्‌महिने घालवले. सात पर्याय काढले, सावल्यांचा अभ्यास केला, वीटकामाचे नमुने साइटवर उभे करून पाहिले. ताबा दिल्यानंतर एका सकाळी मी समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. डोळ्यांच्या पातळीला होती दोन मीटर उंच, सपाट प्लास्टरची कंपाउंड भिंत, साठ-सत्तर मीटर लांब. ती भिंत आमच्या कुठल्याच ड्रॉइंगमध्ये धड काढलेली नव्हती. ‘कंपाउंड वॉल नेहमीप्रमाणे’ एवढी एक नोंद होती, आणि कंत्राटदारानं ती नेहमीप्रमाणेच बांधली होती. तिथून रोज ये-जा करणाऱ्या माणसांसाठी आमची वास्तुरचना म्हणजे ती भिंत. एक आजी पिशवी घेऊन त्या भिंतीच्या कडेनं चालल्या होत्या. टेकायला कट्टा नाही, सावली नाही, वाटेत दार नाही. ते दृश्य मी विसरू शकलेलो नाही. तेव्हापासून कुठलंही काम हाती घेतलं की माझं पहिलं ड्रॉइंग रस्त्याच्या कडेचा छेद असतो: डांबर, गटार, झाड, फुटपाथ, भिंत किंवा दार, आणि जमिनीपासून १.६ मीटरवर माणसाचा डोळा.

माणूस ताशी साधारण पाच किलोमीटर चालतो, म्हणजे शंभर मीटर जायला ७२ सेकंद लागतात. रस्त्याकडेला दर सहा मीटरवर दार किंवा दुकान असेल तर दर चारेक सेकंदांना नवं काहीतरी समोर येतं. एक चेहरा, एखादा वास, कुणाची पायरी, उघडी खिडकी. साठ मीटरला एकच गेट असेल तर पाऊण मिनिट नुसती भिंत. पहिल्या रस्त्यावर चालताना अंतर जाणवत नाही, दुसऱ्यावर रिक्षा करावीशी वाटते. लोक चालेनासे झाले की खालची दुकानं टिकत नाहीत, दुकानं गेली की रस्ता संध्याकाळी ओस पडतो, आणि मग सुरक्षेसाठी भिंत आणखी उंच होते. ओळख पुसली जाते ती अशी, एकेका कंपाउंडनं.

नियम चेहरा घडवतो आणि बिघडवतो, आणि बिघडलेला सुधारताही येतो, याचा सगळ्यात चांगला पुरावा न्यूयॉर्कमध्ये आहे. १९१५मध्ये तिथे इक्विटेबल बिल्डिंग ही अडतीस मजली इमारत कुठेही मागे न सरता सरळ वर गेली आणि आजूबाजूचे रस्ते तिच्या सावलीत बुडाले. दुसऱ्याच वर्षी, १९१६मध्ये, ठरावीक उंचीनंतर इमारतीनं टप्प्याटप्प्यानं मागे सरावं असा नियम आला. वर निमुळत्या होत जाणाऱ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या गगनचुंबी इमारती, ज्यांना आपण ‘न्यूयॉर्कचं रूप’ म्हणून ओळखतो, त्या या नियमातून निघाल्या. तो आकार कुणा एकाला सुचलेला नव्हता. १९६१मध्ये नियम बदलला. खाली जनतेसाठी मोकळी जागा सोडा आणि वर जादा बांधकाम घ्या, असा तो सौदा होता. जागा सुटल्या, पण कित्येक ठिकाणी बसायला काहीच नव्हतं आणि माणसं तिकडे फिरकत नव्हती. विल्यम व्हाइट यांनी त्या जागांचं तासन्‌तास चित्रीकरण केलं आणि लोक कुठे बसतात, कुठे थांबतात ते मोजलं. निष्कर्ष साधा होता: जिथे बसायला जागा आहे तिथे लोक बसतात. १९७५मध्ये नियमात बसण्याच्या जागेची अट आली. ‘लोकांनाच सार्वजनिक जागेची आवड राहिली नाही’ असं समितीत कुणी म्हणालं तर त्यांना हे जरूर सांगा.

आता तुमचा पहिला प्रस्ताव, भव्य इमारत. असा प्रस्ताव आला की बिल्बाओचं नाव निघतंच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. स्पेनमधलं हे पोलाद आणि जहाजबांधणीचं शहर. हे उद्योग बसले, बेकारी वाढली, १९८३च्या महापुरानं जुना गावभाग उद्ध्वस्त केला. १९९७मध्ये वास्तुविशारद फ्रँक गेरी यांचं गुगेनहाइम संग्रहालय नदीकाठी उभं राहिलं आणि जगभरचे पर्यटक येऊ लागले. तेव्हापासून ‘एक इमारत बांधा, शहर बदलेल’ असा मंत्र सगळीकडे जपला जातो. पण संग्रहालयाच्या आधी आणि मागे काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. नेर्विओन नदी कारखान्यांच्या आणि शहराच्या सांडपाण्यानं जवळजवळ मेली होती. तिच्या शुद्धीकरणाचं, मलवाहिन्यांचं काम १९८०च्या दशकापासून चालू होतं. बंदर समुद्राच्या बाजूला हलवायला घेतलं, त्यामुळे शहराच्या मधोमध काठाची जमीन मोकळी झाली. त्या बंदराच्या आणि रेल्वेच्या जमिनींचं नियोजन करायला १९९२मध्ये सरकारी संस्थांनी मिळून बिल्बाओ रिया २००० ही कंपनी काढली. जमीन विकून आलेला पैसा तिनं पुन्हा सार्वजनिक कामांत घातला. १९९५मध्ये, म्हणजे संग्रहालयाच्या दोन वर्षं आधी, मेट्रो सुरू झाली. तिच्या स्थानकांची रचना वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांची. जमिनीतून वर येणारी काचेची वळणदार प्रवेशद्वारं लोकांना इतकी आवडली की त्यांनी लाडानं ‘फोस्तेरितो’, म्हणजे ‘छोटा फॉस्टर’, असं नाव ठेवलं.

कामावर जाताना, शाळेतून येताना ज्या दारातून रोज आत-बाहेर करायचं, त्याला लोकांनी टोपणनाव दिलं. ओळख म्हणतात ती ही. संग्रहालयानं बिल्बाओला जगाच्या नकाशावर नेलं हे खरंच आहे, आणि ती इमारत मोठ्या ताकदीची आहे. पण बिल्बाओकरांच्या मनात शहर बदललं ते नदीचा वास गेला, काठानं चालता येऊ लागलं आणि मेट्रोत उतरताना आपल्याला मान दिल्यासारखं वाटलं तेव्हा. नुसती इमारत उचलून घेतलेल्या शहरांना बिल्बाओ झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

म्हणून वेशीवरच्या इमारतीचा पैसा हातात असेल तर माझं मत स्पष्ट आहे. तो बसथांब्यांवर, शाळांवर, वाचनालयांवर, पुलाखालच्या अंधाऱ्या जागांवर खर्च करा, आणि ही कामं खुल्या स्पर्धेतून चांगल्या, शक्य तर तरुण वास्तुविशारदांना द्या. नाला, पूल, पाण्याची टाकी, पंपघर यांना आपण वास्तुरचना मानतच नाही. ती निविदेतल्या सर्वांत स्वस्त दरानं होतात, आणि वाढत्या शहरात सगळ्यात जास्त बांधली जातात तीच. मोठी प्रतीक-इमारत करायचीच असेल तर ती अशा ठिकाणी करा जिथे लोक आधीच जमतात. सिडनीचं ऑपेरा हाउस बंदराच्या मध्यात पुढे घुसलेल्या भूशिरावर आहे. रोजच्या फेरीबोटीतून माणसं त्याच्या अंगावरून जातात. तीच इमारत शहराबाहेरच्या बायपासला असती तर ती निव्वळ फोटोची जागा झाली असती.

दुसऱ्या प्रस्तावाबद्दल, म्हणजे सक्तीच्या पारंपरिक एलिव्हेशनबद्दल, मला जास्त काळजी वाटते, कारण त्यामागची भावना खरी आहे. आपलं काहीतरी हरवतंय हे लोकांना कळतंय. पण चौदाव्या मजल्यावर फायबरचा झरोका चिकटवल्यानं ते परत येत नाही. झरोका सुंदर दिसायचा कारण तो काम करायचा. बाहेर आलेला भाग खालच्या भिंतीवर सावली टाकायचा, जाळी ऊन गाळून वारा आत घ्यायची, आतल्या माणसाला रस्ता दिसायचा. सपाट काचेच्या भिंतीवर त्याचं चित्र लावलं की काम गेलं आणि नुसता आकार उरला. काचेचे टॉवर सगळीकडे सारखे दिसतात त्याचं कारणही इथेच आहे. बाहेर ऊन असो, बर्फ असो, त्यांचं उत्तर एकच: आत यंत्र लावा. जिथे इमारत हवामानाला स्वतः उत्तर देते, तिथे वेगळेपण मागायला जावं लागत नाही, ते आपोआप येतं. खिडकी भिंतीत अर्धा मीटर आत घेतली, वर छज्जा दिला, तर उन्हाच्या प्रदेशात दर्शनी भिंतीवर गडद सावल्यांच्या रेघा उमटतात. ती त्या जागेची खरी शैली. नियम करायचाच असेल तर झरोक्याच्या आकाराचा करू नका, सावलीचा करा: अमुक दिशेच्या खिडक्यांना इतकी सावली हवी, कशी द्यायची ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दगडासारख्या साहित्याची सक्ती तुलनेनं बरी, पण तिलाही मर्यादा आहेत. जेरुसलेममध्ये ब्रिटिश लष्करी गव्हर्नर रोनल्ड स्टॉर्स यांनी १९१८मध्ये दगडाच्या बांधकामाची अट घातली आणि ते शहर आजही त्या फिकट दगडाचं दिसतं. पण तेव्हा दगड भिंतीचं वजन पेलायचा, पुढे काँक्रीटवर लावलेली पातळ लादी झाला. नियम पाळला गेला, भिंतीची जाडी आणि त्या जाडीतून येणारी सावली मात्र गेली.

आणि जुन्याची नक्कल न करताही शहराला पक्का चेहरा मिळतो. १६६६च्या आगीनंतर लंडनसाठी वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी सरळ रस्त्यांचा देखणा आराखडा केला होता. तो बाजूला पडला. घरमालकांना आपापल्या जुन्या हद्दींवर लवकर घरं हवी होती. झालं ते असं, की जुन्याच गल्ल्यांवर नवा नियम आला: लाकूड नको, वीट किंवा दगड हवा, आणि रस्ता लहान की मोठा त्यावरून घराचे चार प्रकार. त्यातून विटांचं लंडन उभं राहिलं. इमारती जळून गेल्या, पण प्लॉटच्या हद्दी टिकल्या. मुंबईचा मरीन ड्राइव्ह घ्या. १९३०-४०च्या दशकांत भरावाच्या जमिनीवर आर्ट डेको इमारतींची रांग उभी राहिली. त्या काळी ती शैली अगदी नवी होती, काँक्रीटही तसं नवंच. परंपरेचा आग्रह धरला असता तर ती रांग झालीच नसती. इमारती वेगवेगळ्या वास्तुविशारदांच्या, पण योजनेच्या नियमांमुळे उंची एका रेषेत, वळणाऱ्या बाल्कन्या समुद्राकडे तोंड करून. २०१८मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसोबत या आर्ट डेको इमारतींनाही जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एकेकाळची सगळ्यात आधुनिक गोष्ट ऐंशीएक वर्षांत वारसा झाली. तुमच्या शहरात आज जे बांधलं जातंय त्याचंही असं होऊ शकतं, एवढा विश्वास नव्या इमारतींवर ठेवायला हवा.

याच्या उलट टोकाची भीतीही सांगतो. चंडीगढमध्ये वास्तुविशारद ली कॉर्ब्युझिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८०० बाय १२०० मीटरचे सेक्टर आखले, बाजारपेठांच्या दर्शनी भागांना ठरावीक चौकट घालून दिली. शहराला पक्की ओळख मिळाली. पण शहर वाढलं, कुटुंबं वाढली, आणि जुन्या सेक्टरांतली एकेक कोठी फोडून मजल्या-मजल्यांचे फ्लॅट होऊ लागले. २०२३च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं पहिल्या तीस सेक्टरांत अशा विभागणीला मनाई केली. वारसा म्हणून तो निर्णय मला समजतो. पण राहायला जागा शोधणाऱ्या माणसाची गरज त्यानं संपत नाही, ती शहराच्या बाहेर जाते. ओळख जपताना वाढीला वाट कुठून देणार, हे आराखड्यातच लिहिलेलं नसेल तर पुढे ते कोर्टात ठरतं.

मग समितीनं काय करावं? आधी पाहणी. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी शंभर वर्षांपूर्वी हे सांगितलं, आणि भारतातल्या कितीतरी गावांत पायी फिरून करून दाखवलं: शहर हे रोग्यासारखं तपासायचं, मग औषध लिहायचं, आणि शस्त्रक्रिया शक्य तितकी लहान ठेवायची. तुमच्या जुन्या भागातला लोकांना आवडणारा एक रस्ता निवडा आणि नव्या भागातला एक. दोन्हींचे शंभर-शंभर मीटर टेप घेऊन मोजा. दारं किती, प्लॉटची रुंदी किती, इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीच्या कितीपट, भिंत फुटपाथपासून किती आत, दुपारी दोन वाजता सावली किती मीटरवर, बसायला जागा किती ठिकाणी. मी हे कित्येक समित्यांकडून करून घेतलं आहे. ‘वारसा’, ‘अभिमान’ अशा शब्दांवर तासन्‌तास वाद घालणारी माणसं दोन कागद शेजारी ठेवल्यावर दहा मिनिटांत एकमतावर येतात.

दुसरं म्हणजे लोकांकडून आठवणीतला नकाशा काढून घ्या. १९६०च्या सुमारास नगररचनेचे अभ्यासक केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस इथे रहिवाशांना आपापलं शहर कागदावर काढायला लावलं, तेव्हा लक्षात आलं की माणसं शहर वाटा, कडा, विभाग, चौक आणि खुणा अशा पाच गोष्टींतून लक्षात ठेवतात. खुणा, म्हणजे तुमची भव्य इमारत, ही त्या पाचांतली एक. तुमच्या लोकांच्या नकाशात वारंवार येणारी गोष्ट कदाचित एखादं जुनं वडाचं झाड असेल, तळ्याची कड असेल किंवा उताराचा वळणदार रस्ता. ती रस्तारुंदीकरणात जाणार नाही हे आधी बघा. नव्या वस्तीत मुलांना काय काढायचं तेच सुचलं नाही, तर तिथे काय कमी आहे हे वेगळं सांगावं लागणार नाही.

या दोन कागदांवरून नियमावलीत मोजक्या सुधारणा सुचवा. मुख्य रस्त्यांवर पुढची भिंत ठरावीक रेषेवरच हवी, मागे नको. लहान प्लॉटांना शेजारच्याला खेटून बांधायची मुभा द्या. मधली मार्जिन गेल्यानं उजेड-वारा आत आणायला इमारतीच्या आत मोकळा चौक लागेल आणि बंब मागून किंवा रस्त्यावरून पोचेल अशी सोय लागेल. हे जमतं, फक्त अग्निशमन दलाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यावं लागतं. पोडियम असेल तर त्याच्या रस्त्याकडच्या अंगाला दुकानं किंवा खोल्या हव्यात, मोटारी मागे. कंपाउंड भिंतीचा एक मीटर उंचीच्या वरचा भाग आरपार दिसणारा हवा. पार्किंगची किमान सक्ती बस-मेट्रोजवळ कमी करा. रंगाचा, कमानीचा, कळसाचा उल्लेखही नको.

आणि एक घाई आहे. जुन्या भागात हे नियम आणायला वेळ लागेल, पण तुमच्या शहराच्या कडेला नव्या वस्तीचं ले-आउट, म्हणजे प्लॉट-रस्त्यांची आखणी, मंजुरीसाठी आलं असेल तर समितीनं आधी तिकडे लक्ष द्यावं. इमारत पन्नास वर्षांत पाडून पुन्हा बांधता येते, पण एकदा प्लॉट विकले गेले, सातबाऱ्यावर नावं चढली की रस्त्याची रेषा शतकभर हलत नाही. ते ले-आउट मागवून घ्या आणि त्यावर चालायच्या वाटा पेन्सिलीनं काढून बघा. शाळेपासून घरापर्यंत लहान मुलाला किती वेळा भिंतीला वळसा घालावा लागतो ते मोजा. पुढच्या बैठकीत वेशीवरच्या इमारतीच्या संगणकी चित्राआधी तो कागद टेबलावर ठेवा.